सेंद्रिय मीठ

होळीच्या आधीचा रविवार. बेळगावच्या टिळकवाडीत एका मैदानावर शेतकऱ्यांचा बाजार भरला होता. अशा बाजारात गेलं की मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. जे नाचणीचं पीठ आमच्या माहेरी पाहुण्यापुढं ठेवायला लोक कचरायचे, तेच मी इथं दुप्पट पैसे मोजून घेते आणि वर घरून कापडी पिशवी नेल्याचा अभिमान बाळगते. लाल माती चिकटलेली रताळी, हातसडीचा तांदूळ, कुळीथ, चिंच. कडेच्या एका टेबलामागं साठीच्या पुढची एक बाई आणि तिचा मुलगा उभे होते. गुळाच्या ढेपी, हळद, आणि पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून जाडं मीठ. करड्या रंगाचं, जरा ओलसर, एकेक खडा हरभऱ्याएवढा. प्रत्येक पिशवीवर छापील चिठ्ठी होती, 'सेंद्रिय मीठ'.

मला हसू आलं. सत्तावीस वर्षं हायस्कूलच्या पोरांना विज्ञान शिकवतेय, त्यामुळं हसू आवरण्याच्या आतच तोंड उघडलं. "मीठ कसं सेंद्रिय असेल?" मुलगा अदबीनं म्हणाला, "मॅडम, ह्यात केमिकल काहीच नाही. शिरोड्याच्या मिठागरातलं आहे, उन्हात वाळवलेलं." मी म्हटलं, "अहो, मीठ हेच केमिकल. सोडियम क्लोराईड. त्यात कार्बनचा कण नाही. ते सात जन्मांत सेंद्रिय होणार नाही." वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज आहे माझा. शेजारी तांदूळ बघत उभे असलेले दोघेजण फिसकन हसले. मुलाचे कान लाल झाले. त्याची आई काही बोलली नाही. तिनं एकेक पिशवी उचलून फिरवून ठेवली, चिठ्ठी मागं जाईल अशी. सगळ्या पिशव्या फिरवून झाल्यावर माझ्याकडं बघून, अगदी साधेपणानं विचारलं,

"मग काय लिवायचं, बाई?"

मला उत्तर सुचलं नाही. 'असेंद्रिय मीठ' असं लिहिलं तर कोण हात लावेल? मी भाव न विचारता गुळाची एक ढेप घेतली, पैसे दिले आणि निघाले. पहिलं रेल्वे गेट पडलं होतं. गाडी जाईपर्यंत दोन्ही बाजूंचे लोक जसे एकमेकांकडं न बघता उभे असतात तशी उभी राहिले. स्कूटरच्या हुकाला ढेप लटकत होती, आणि बरोबर उत्तर देऊनही नापास झाल्यासारखं वाटत होतं.

सेंद्रिय हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. सरांनी त्यातून स्पिरिटचा दिवा काढला, एका चमच्यात साखर घेतली, दुसऱ्यात मीठ. साखर आधी पाघळली, मग सोनेरी झाली, वर्गभर पाकाचा वास सुटला आणि आम्ही सगळे पुढं झुकलो. मग ती फसफसली, काळी पडली आणि शेवटी चमच्यात कोळसा उरला. मिठाचा चमचा ज्योतीवर धरला तर ते नुसतं तडतडलं. दोन-चार खडे उडून सरांच्या धोतरावर पडले. बाकीचं मीठ पांढरं होतं तसंच राहिलं. सर म्हणाले, "जळून कोळसा होतं ते सेंद्रिय. तडतड करून जागेवर बसतं ते असेंद्रिय." पुढं कळलं की ही व्याख्या फार ढोबळ आहे, पण रसायनशास्त्रज्ञांनी सुरुवात इथूनच केली होती. तापवल्यावर जे परत पहिल्यासारखं होतं ते एका टोपलीत, जे कायमचं बिघडतं ते दुसऱ्या.

मग दहावीनंतर बेळगावात कॉलेज. सगळं इंग्रजीत. सेंद्रियचं 'ऑर्गॅनिक' झालं आणि एका रात्रीत परकं झालं. आमचे एक लेक्चरर धारवाडकडचे होते. इंग्रजीतून डोक्यात शिरत नाही असं दिसलं की ते कन्नडवर यायचे, आणि कन्नडवर आले की मराठी शाळांतून आलेली आम्ही दहा-बारा मुलं अजूनच गोंधळायचो. पण एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं ते मोठ्यानं वाचलं, "सावयव," आणि मला एकदम कळलं. स-अवयव. ज्याला अवयव आहेत ते. आमच्याकडं स-इंद्रिय, त्यांच्याकडं स-अवयव, आणि इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही अवयवच. साखरेच्या दाण्याला हात-पाय फुटलेत असं चित्र वहीच्या समासात काढल्याचं आठवतं. (इथं सीमाप्रश्नाची उपमा सुचणं अपरिहार्य आहे. आमटीत मीठ कमी पडलं तरी बेळगावकराला सीमाप्रश्न सुचतो. मी ती उपमा इथंच सोडून पुढं जाते.)

साखरेला इंद्रियं नाहीत, युरियाला अवयव नाहीत, तरी ही नावं पडली कारण नावं ठेवणाऱ्यांना खात्री होती की असले पदार्थ फक्त जिवंत शरीरातच बनू शकतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बर्झेलियसनं ही विभागणी रूढ केली. सजीवांच्या आत काहीतरी जीवनशक्ती असते, तिच्या हातूनच हे पदार्थ घडतात, माणसानं भट्टी लावून ते होणं नाही, अशी त्या काळची धारणा. मला ती कधीच हास्यास्पद वाटली नाही. माझी आजी नेमकं हेच म्हणायची, तेही बर्झेलियसचं नाव न ऐकता.

अप्पांनी पहिल्यांदा कृषी पत्तीन सोसायटीतून युरियाचं पोतं आणलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. अंगणात पोतं सोडलं. आत साबुदाण्यासारखे पांढरेशुभ्र दाणे. मी ओल्या हातात मूठभर घेतले तर तळवा गार पडला. पाण्यात विरघळताना युरिया उष्णता ओढून घेतो, हे कळायला बारावी उजाडली. तेव्हा मात्र जादूच वाटली. आजी ओसरीवर बसून बघत होती. ती खाली उतरली, दोन दाणे चिमटीत धरून नाकाशी नेले आणि म्हणाली, "ह्येला वास न्हाई. ह्यात जीव न्हाई. ह्ये भाताला घालतोस व्हय रे?" तिच्या हिशोबात खत म्हणजे उकिरडा. शेण, गवताची उष्टावळ, चुलीतली राख, आणि पावसाळ्यापूर्वी तो उपसला की निघणारी काळी, वाफाळती, गांडुळांनी भरलेली माती. तिला वास होता. लांबूनही होता. अप्पा हसले. त्या वर्षी भात कमरेएवढं वाढलं, हिरवंगार. मग एका वळवाच्या तडाख्यात निम्मं आडवं झालं. आजी त्यावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं अप्पा पुढं बरीच वर्षं म्हणत.

आता गंमत अशी की तो युरिया, ज्यात आजीला जीव दिसला नाही, तोच सेंद्रिय या शब्दाचं कुंपण ओलांडणारा पहिला प्रसिद्ध चोर आहे. तो आपल्या लघवीत असतो, गाई-म्हशींच्या मुतात असतो. आजीच्या गोठ्यातली मोरी दिवसभर तोच वाहत होती. १८२८ साली बर्लिनमध्ये फ्रेडरिक व्होलर हा तरुण रसायनशास्त्रज्ञ अमोनियम सायनेट नावाचं क्षार बनवू पाहत होता, आणि हातात आले ते युरियाचे स्फटिक. दोन्हींतले अणू तेच, तितकेच, फक्त त्यांची मांडणी वेगळी. व्होलर बर्झेलियसच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं गुरूला पत्रातून कळवलं की मूत्रपिंडाशिवाय, माणसाच्या नाही आणि कुत्र्याच्याही नाही, मी युरिया बनवू शकतो. त्या पत्रातला आनंद आणि जराशी धास्ती दोन्ही मला समजतात. गुरूच्या घरातली भिंत चुकून पाडलेल्या विद्यार्थ्याचं ते पत्र आहे. अर्थात एका प्रयोगानं जीवनशक्ती लगेच गेली नाही. अशा समजुती एकदम पडत नाहीत, पावसाळ्यात मातीची भिंत विरघळते तशा विरघळतात. १८४५ मध्ये कोल्बेनं निव्वळ खनिजांपासून सुरुवात करत ॲसिटिक आम्लापर्यंत मजल मारली, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलं आम्ल. मग हळूहळू शास्त्रज्ञ म्हणू लागले, कुठं बनलं ते सोडा, कार्बनची जोडणी कशी आहे ते बघा. पण नाव तेच राहिलं. गल्लीतलं वडाचं झाड जाऊन पन्नास वर्षं झाली तरी स्टॉपला वडाचं झाड म्हणतात, त्यातलाच प्रकार.

म्हणून आज अशी पाळी आली आहे की रसायनशास्त्राच्या पुस्तकात युरिया सेंद्रिय आहे, आणि सेंद्रिय शेतीच्या नियमांत तो वर्ज्य आहे. उलट रॉक फॉस्फेट, जिप्सम, चुना ही उघड उघड असेंद्रिय खनिजं सेंद्रिय शेतीला चालतात. मी त्या दिवशी तोऱ्यात जी ढेप घेऊन आले त्या गुळाचंच बघा. उसाचा रस काहिलीत उकळताना मळी वर यावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालतात आणि बहुतेक ठिकाणी चिमूटभर चुनाही. गूळ सेंद्रिय, चुना असेंद्रिय, ढेप एकच. आठवी-नववीच्या पोरांना हे सांगावं की नाही, मी ठरवू शकलेले नाही. परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' येतं, दोन रकाने आखावे लागतात आणि चार मुद्दे लिहावे लागतात. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन असूनही तो उजव्या रकान्यात का, असं विचारणारं एखादं पोर दर दोन-तीन वर्षांनी निघतं. मी सांगते, कार्बन-हायड्रोजनचा बंध नाही म्हणून. तेवढ्यात दुसरं एखादं विचारतं, मग युरियात तरी कुठं आहे? आणि खरंच नाही. अशा पोरांना मी पूर्ण गुण देते आणि त्या दिवशी घरी लवकर जाते.

आणि झाडाला तर यातलं काहीच ठाऊक नसतं. शेणखत घाला नाहीतर युरिया, मातीतले जिवाणू दोन्हींची मोडतोड करतात आणि शेवटी मुळांपाशी येतो तो बहुतांशी अमोनियम नाहीतर नायट्रेट, दोन्ही असेंद्रिय. ते मूळ शोषून घेतं आणि पानात पाठवतं. तिथं हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि जमिनीतलं पाणी, हेही दोन असेंद्रियच, यांच्यापासून उन्हाच्या जोरावर साखर तयार झालेली असते. मग साखर आणि नायट्रोजनपासून प्रथिनं, त्यातून दाणा. शाळेच्या फळ्यावर दोन रकान्यांमध्ये जी जाड रेघ आम्ही ओढतो, ती रेघ भाताचं साधं रोप दिवसभर ओलांडत असतं. म्हणून आजी चुकीची होती असं मात्र मी म्हणणार नाही. तिचं कारण चुकलं, शेत चुकलं नाही. उकिरड्यातल्या खतानं माती भुसभुशीत राहते, पाणी धरते, गांडुळांना आणि जिवाणूंना खायला मिळतं. नुसत्या युरियानं यातलं काही होत नाही. जीव खताच्या दाण्यात नसतो, मातीत असतो, आणि आजी कदाचित तेच म्हणत होती. मी तिच्या तोंडी माझं वाक्य घालतेय हे मला कळतं. पण ती आता तक्रार करायला नाही.

आजोबांच्या तळहातावर मात्र हे दोन रकाने मी स्वतःच्या डोळ्यांनी एकत्र आलेले बघितलेत. निपाणीचा तंबाखू, पितळी डबीच्या एका कप्प्यात. दुसऱ्या कप्प्यात चुना. डाव्या तळव्यावर तंबाखू घ्यायचा, नखानं चुन्याचा ठिपका ठेवायचा आणि उजव्या अंगठ्यानं मळायचा, सावकाश, गावात कुणाच्या घरी काय चाललंय ते बोलत बोलत. मग दोन टाळ्या, धूळ उडवायची, आणि चिमूट खालच्या ओठाआड. तंबाखूतलं निकोटिन सेंद्रिय, चुना असेंद्रिय. चुन्याच्या अल्कलीनं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून चटकन रक्तात उतरतं. चुना नसता तर तीच चिमूट निम्मीही चढली नसती. आजोबांना हे रसायन पाठ होतं, कारण नव्हे. चुना जास्त झाला की "भाजलं" म्हणत थुंकायचे. शेवटी त्याच ओठाआड गाठ झाली. त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

शाळेत दर सोमवारी मुलींना निळ्या गोळ्या द्यायच्या असतात, लोह आणि फॉलिक आम्लाच्या. मी समोर उभी राहते, गिळल्याशिवाय सोडत नाही, तरी एक-दोघी जिभेखाली लपवतात आणि मागं जाऊन कंपासपेटीत टाकतात. एकदा अशी पेटी माझ्या हाती लागली, कर्कटकाशेजारी आठ गोळ्या, निळा रंग सुटून पट्टीला लागलेला. रागावले नाही. तिला खिडकीपाशी नेलं आणि बाहेर बघायला लावलं. पावसानंतरचं मैदान, सगळं लालभडक. आमच्या पश्चिमेकडच्या मातीला हा रंग लोहाच्या ऑक्साइडनं येतो. पोरींच्या पांढऱ्या सॉक्सवर तो बसला की ऑगस्टपासून मार्चपर्यंत निघत नाही. इतकं लोह पायाखाली, आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांतल्या सत्तावन्न बायकांना रक्तक्षय. मातीतलं ते लोह गंजासारखं घट्ट बसलेलं असतं, विरघळत नाही, पोटात गेलं तरी अंगी लागत नाही. गोळीतलंही लोह असेंद्रियच, पण विरघळणारं. ते आत गेलं की शरीर कार्बन-नायट्रोजनचं एक कडं विणतं, त्याच्या मधोमध ते लोह ठेवतं आणि प्रथिनाच्या घडीत बसवतं. त्याचं हिमोग्लोबिन होतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं सगळं लोह गोळा केलं तर तीन-चार ग्रॅम भरेल, एखाद-दुसरा खिळा. तेवढ्या खिळ्यावर माणूस जिना चढतो. पोरगी ऐकून म्हणाली, "बाई, गोळी घेतली की मळमळतंय." यावर माझ्याकडं रसायनशास्त्र नव्हतं. जेवल्यावर घे आणि वर चहा पिऊ नकोस, एवढंच सांगितलं. चहा लोह आत जाऊ देत नाही. हे तिला कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. लोह या धड्यावर तिला मात्र पैकीच्या पैकी गुण होते.

आईचं शेवटचं दीड वर्ष माझ्याकडं गेलं, शहापूरच्या घरात. हाडं ठिसूळ झाली होती. न्हाणीत घसरली नव्हती, धडपडली नव्हती, नुसती खाटेवरून उठताना कंबरेत कट् असा आवाज झाला आणि मणका खचला. मग रोज रात्री कॅल्शियमची गोळी. मी पाकीट वाचत बसायचे, सवयच आहे. कॅल्शियम कार्बोनेट, आणि सोबत ड जीवनसत्त्व. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात घातलेली शहाबादी फरशी ज्या चुनखडीची, त्याच जातीचं. गोळी तोडताना हाताला लागायची ती भुकटीही तशीच. ड जीवनसत्त्व सेंद्रिय, मायक्रोग्रॅमच्या हिशोबात, डोळ्याला दिसणारही नाही इतकं. पण त्याच्यावाचून ती फरशी आतड्यातून फारशी आत जात नाही. पाट्यावर वाटलेलं वाटण मानून आई ती अर्धी अर्धी करून गिळायची आणि विचारायची, "ह्यानं हाड येतं व्हय गे?" मी म्हणायचे, येतं. हाडाचा साठ-सत्तर टक्के भाग खनिज असतो, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा, आणि उरलेल्यात कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन आणि थोडं पाणी. वर्गात दरवर्षी कोंबडीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवून दाखवते. खनिज विरघळून जातं, उरतं ते रबरासारखं वाकतं, पोरं त्याची गाठ मारून बघतात. दुसरं हाड शेगडीवर भाजायचं. आता चिवट भाग जळतो, उरतं ते पांढरं, तसंच्या तसं हाडाच्या आकाराचं, पण बोटानं दाबलं की भुगा. वर्गात ह्या प्रयोगाला नेहमी टाळ्या पडतात.

तिसऱ्या दिवशी मलप्रभेच्या काठी राख सावडायला बायका सहसा जात नाहीत. मी गेले. भावानं राखेवर पाणी आणि दूध शिंपडलं, वाफ आली. त्यानं हात घातला आणि एकेक वेचून तांब्यात ठेवू लागला. पांढरे, हलके, काही तुकडे अगदी ओळखू येण्यासारखे. मी एक उचलला, मणका असावा. दाबला नाही.

त्या वर्षी हाडाचा प्रयोग मी दुसऱ्या सरांना घ्यायला सांगितला.

तर हे सगळं त्या रविवारी रेल्वे गेटपाशी सुचलं असं नाही. तेव्हा फक्त ती बाई पिशव्या फिरवतेय एवढंच डोळ्यांपुढं होतं. पुढच्या आठवड्यात मात्र रात्री भाजी फोडणीला टाकताना, मिठाच्या डब्यात चमचा घालता घालता लक्षात आलं की खरं जे बोलायला हवं होतं ते मी बोललेच नव्हते. मिठागरातल्या त्या मिठात आयोडीन घातलेलं नव्हतं. गळ्याशी असलेली थायरॉइड ग्रंथी थायरॉक्सिन बनवते, त्याच्या एकेका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, आणि ते बाहेरून, खाण्यापिण्यातूनच यावे लागतात. कमी पडले तर गळा सुजतो, गरोदर बाईला कमी पडले तर पोटातल्या पोराच्या मेंदूवर बेततं. म्हणून तर रोजच्या खाण्याचं मीठ आयोडीनशिवाय विकायला बंदी आहे. सत्तावीस वर्षं शिकवलेलं उपयोगाचं ज्ञान खिशातच राहिलं आणि बाहेर काढलं ते काय, तर शब्दाची चूक. ती चूकही कशी? त्या बाईला सेंद्रिय म्हणजे कार्बनी संयुग म्हणायचंच नव्हतं. तिला म्हणायचं होतं, हे कुणी केलं, कुठं केलं, मला ठाऊक आहे. एवढं सगळं पोटात घेणारा दुसरा कुठला शब्द बाजारात मिळतो ते मला तरी सांगता आलेलं नाही.

वैशाखातल्या बाजारात मुद्दाम गेले. टेबल तिथंच होतं, कैऱ्यांची करंडी नवी. मुलगा नव्हता. बाईनं मला लगेच ओळखलं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि मी पुढं काय बोलावं याची जुळवाजुळव करत उभी राहिले.

"काय बघुलालासा, बाई? या की." आवाजात काही अढी नव्हती, किंवा असलीच तर विक्रीच्या वेळी ती बाजूला ठेवता येण्याइतकी जुनी झाली होती. मिठाच्या पिशव्या मागच्या रांगेत होत्या. छापील चिठ्ठ्या निघाल्या होत्या, त्यांचा गोंद अजून चिकट दिसत होता. त्यावर हातानं, निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'जाडं मीठ. लोणच्याला.'

मी आयोडीनचं सांगायला सुरुवात केली. या वेळी हळू आवाजात. तिनं निम्म्यातच थांबवलं. "ठावं हाय की बाई. जेवणात पुडीचंच घालायचं, आंगणवाडीत सांगत्यात. ह्ये लोणच्याला, जनावरास्नी. आमी घरातबी तसंच करतो." मग जरा थांबून, कैऱ्या खालीवर करत म्हणाली, "सेंद्रिय लिवलं हुतं तवा लोक हातात घेऊन वाचत हुते. आता कोण वाचत न्हाई. कितीला म्हणून इचारत्यात आणि घेऊन जात्यात."

"खप जास्त की कमी?" मी विचारलं.

"तेवढाच," ती म्हणाली. "मीठ कुणाला किती लागणार?"

दोन किलो घेतलं. कैऱ्याही घेतल्या. लोणचं घातलं, तेलाची कड वर आली, बरणी फळीवर गेली. उरलेलं मीठ चिनी मातीच्या सटात भरून ठेवलं, आईचा सट, कान तुटलेला. आता आषाढ चालू आहे, चार दिवस ऊन नाही, कपडे वळचणीला वाळेनात, आणि सटाखालच्या शहाबादी फरशीवर रोज सकाळी पाण्याचं एक गोल वळं उमटलेलं असतं. शुद्ध मीठ इतकं पाझरत नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड मिसळलेलं असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. मला माहीत आहे. तरी रोज फडकं घेऊन पुसायच्या आधी मी बोट लावून चव बघते.

खारट, आणि मागून जरासं कडू.